आत वाढ चालू आहे

सरांच्या प्रयोगशाळेच्या दारावर पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी होती: ‘दार हळू लावा. आत वाढ चालू आहे.’ भूशास्त्र विभागात नवीन आलेली मुलं ती वाचून हसायची. एकदा प्राचार्यांकडं आलेले कुणी पाहुणे पाटीपाशी थबकले आणि शिपायाला हलक्या आवाजात विचारू लागले, आत कुणी आजारी आहे का म्हणून. शिपाई म्हणाला, “न्हाई साहेब, आत तुरटी हाय.”

खरंच तुरटी होती. लोणच्याच्या बरण्यांत तुरटीचं पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेले खडे, आणि ते खडे कणाकणानं मोठे होत असायचे. धक्का बसला की वाढ बिघडते, म्हणून सांगलीच्या मे महिन्यातही सर त्या खोलीतला पंखा लावत नसत. शेजारच्या वर्गातला पंखा खडखडायला लागला तर तिथल्या प्राध्यापकांना जाऊन विनंती करत, “तेवढं तेल घालून घ्या. भिंत सामाईक आहे.” स्वतः कापडी बूट घालायचे, पाऊल वाजू नये म्हणून. त्यामुळं परीक्षेत ते कधी पाठीशी येऊन उभे राहतात ते कळायचं नाही, आणि कॉपी करणाऱ्या मुलांना तुरटीचा मनापासून राग होता.

माणूस उंच आणि किडकिडीत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. आणि तोंडात एक प्रश्न कायमचा: “कुठल्या बाजूनं?”

कुणी “सर, कसं काय?” म्हटलं की सर थांबायचे. “कुठल्या बाजूनं विचारताय? घरच्या बाजूनं उत्तम. गुडघ्याच्या बाजूनं वाईट.” आपण काही गमतीचं बोलतोय असं त्यांना वाटतच नसे. विचारणारा घाईत असला तरी सर एकेक बाजू नीट सांगत. एकदा एका सहकाऱ्यानं आपल्या मुलीसाठी सांगून आलेल्या मुलाबद्दल विचारलं. मुलगा सरांचा जुना विद्यार्थी होता. “मुलगा चांगला आहे ना?” यावर सर नेहमीप्रमाणे म्हणाले, “कुठल्या बाजूनं?” आणि मग त्या मुलाच्या स्वभावाच्या सगळ्या बाजू सांगत बसले. ते लग्न झालं, पण सहकारी पुढं कितीतरी दिवस सरांशी बोलत नव्हते.

वर्गात त्यांचा पहिला धडा ठरलेला. तुरटीचा खडा हातात द्यायचे आणि विचारायचे, “यातली सगळ्यांत घाईनं वाढलेली बाजू दाखव.” आपण सगळ्यांत मोठी, चकचकीत बाजू दाखवायचो. सर मान हलवायचे. “नाही. घाईनं वाढते ती बाजू लहान होत होत शेवटी दिसेनाशीच होते. दिसतात त्या सावकाश वाढणाऱ्या.” मग मुलं एकमेकांकडं बघून हसायला लागली की सर घाईघाईनं म्हणायचे, “हे मी उपदेश म्हणून सांगत नाहीय. स्फटिक असेच वागतात म्हणून सांगतोय.”

मी तासगावची. आमची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. घरात दहावीच्या पुढं शिकलेली मी पहिलीच, त्यामुळं माझ्या शिक्षणाला सगळ्या भावकीची नजर. वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, चुलत्यांना सांगून ठेवलं होतं, “एम.एस्सी. हुईपर्यंत पोरीच्या लग्नाचं कुणी काढायचं न्हाई.” त्या वाक्याचा जसा आधार होता तशी त्याला हद्दही होती. एम.एस्सी. झाली की झाली, आणि कुठं अडकली तर मात्र पुन्हा वर्षभर कुणी थांबणार नव्हतं. कवठेमहांकाळकडचं एक स्थळ निकालाची वाट बघत होतं. मी वाट बघत होते ती मुंबईतल्या एका संशोधनाच्या जागेची. दोघांनाही हवा होता तो एकच निकाल.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक लघुप्रबंध करावा लागे. हुशार मुलं सरांकडं जात नसत, कारण सरांकडं विषय एकच होता आणि त्या विषयानं सरांचं नाव खराब झालं होतं.

ते असं. तरुणपणी सरांनी कॅल्साइटच्या एका स्फटिकाचे दोन तुकडे इथंच आम्लात विरघळवून तपासायला पाठवले होते. त्यात विरळ मृदा मूलद्रव्यं किती आहेत ते बघायचं होतं. सेरियम, युरोपियम वगैरे. नाव विरळ, पण असतात सगळीकडं, कणाकणानं पसरलेली. कॅल्शियमच्या जवळपास त्यांचा आकार, म्हणून स्फटिक वाढताना ती कॅल्शियमच्या जागेत शिरून बसतात. सरांच्या दोन तुकड्यांत त्यांचं प्रमाण एकमेकांशी अजिबात जुळेना. सरांनी लेख लिहिला की तुकडे एकाच स्फटिकाचे असले तरी ते दोन वेगवेगळ्या बाजूंनी वाढलेले होते, म्हणून फरक पडला. लेख परत आला. तपासणाऱ्यानं म्हटलं होतं की पाणी एक, पोकळी एक, काळ एक, मग फरक कसा पडेल; भांडी अस्वच्छ असणार. तेव्हापासून विभागात काही जण पाठीमागं त्यांना ‘दोन-आकडी सर’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. त्यावर ते काही बोलत नसत. फक्त दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढं तोच विषय ठेवत, आणि दर वर्षी विद्यार्थी दुसरा घेत.

मी तो घेतला. धाडस वगैरे काही नव्हतं. त्यांच्या वर्गात मला पहिल्यांदा दगडाकडं बघावंसं वाटलं होतं, एवढंच.

सरांबरोबर फिरतीवर जाणं म्हणजे विहिरी बघत हिंडणं. आपल्याकडच्या काळ्या खडकात पोकळ्या असतात आणि पोकळ्यांत स्फटिक. ते वर येतात विहीर खोदताना. म्हणून विटा-दहिवडी रस्त्यावर कुठं दगड वर ओढायची यारी उभी दिसली, नवीन दगडांचा ढीग दिसला, की सर एसटी थांबवायला लावायचे. पुढं पुढं वाहकच ओरडून सांगायला लागले, “सर, विहीर आली.” बाकीचे प्रवासी वाकून बघायचे. मी मुलगी असल्यामुळं सरांच्या बायको, काकू, प्रत्येक वेळी बरोबर यायच्या. त्या शाळेत शिकवत, रविवारची सुट्टी अशी दगडांत घालवत. सर ढिगाऱ्यावर चढले की काकू झाडाखाली बसून शाळेचे पेपर तपासायच्या आणि अधूनमधून मान वर करून म्हणायच्या, “खाली बघून उतरा. दगड तिथंच राहणार आहेत.”

विट्याच्या स्टँडवर एकदा मी सरांना विचारलं की पाणी एकच असताना एका बाजूला जास्त आणि दुसरीला कमी, हे मला पाठ झालंय पण पटलेलं नाही. सरांनी समोर बोट केलं. दहिवडीची गाडी फलाटाला लागत होती. लोक धावले आणि खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत टाकून जागा धरायला लागले.

“कुठल्या खिडक्यांतून टाकतायत?” सर म्हणाले.

“फलाटाकडच्या.”

“पलीकडच्या?”

“तिकडं कोण जाणार? तिकडं दुसरी गाडी उभी आहे.”

“मग गाडी एक, गर्दी एक, वेळ एक. पण फलाटाकडच्या बाकड्यांवर कोण बसलं आणि पलीकडच्यांवर कोण, ते वेगळं. स्फटिक वाढतो तो पृष्ठभागावर. तिथं कणांच्या बारीक पायऱ्या असतात. पाण्यातला कण पायरीच्या कोपऱ्यात येऊन बसतो. एका बाजूच्या पायऱ्यांचे कोपरे ऐसपैस, दुसऱ्या बाजूचे अरुंद. थोरला पाहुणा, म्हणजे बाहेरचं मूलद्रव्य, ऐसपैस कोपऱ्यात मावतो, अरुंद कोपऱ्यातून परत जातो. वर नवा थर चढला की आत गेलेला आत अडकला.”

“आणि सगळी बाकडी आतून सारखीच असतात,” मी म्हटलं.

“असतात. पण आत शिरायची वाट सारखी नसते.” एवढं बोलून त्यांनी आपली पिशवी माझ्या हातात दिली आणि वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं खिडकीतून रुमाल टाकला.

माझा स्फटिक माण तालुक्यातल्या एका विहिरीवर मिळाला. उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून विहीर आणखी खोल नेत होते. सुरुंग उडवून झाले होते आणि यारीनं दगड वर येत होते. मालक मेंढरं राखणारे म्हातारे गृहस्थ होते. सरांची ओळख जुनी.

“सर, पाणी न्हाई लागलं अजून, पर तुमची गारगोटी लागली बगा,” ते म्हणाले आणि त्यांनी एक फुटका, पोकळ दगड उलटा केला. आत मधाच्या रंगाचा कॅल्साइट होता, मुठीएवढा, मोडतोड न झालेला. अंगाला लांब तिरक्या बाजू आणि डोक्याला टोपीसारख्या बसक्या बाजू. सरांनी खिशातलं भिंग काढून तो सगळीकडून फिरवून पाहिला. मग म्हणाले, “दोन तऱ्हेच्या बाजू, दोन्ही धडधाकट. याच्यासाठी मी किती वर्षं ढिगारे उपसतोय.”

म्हाताऱ्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली. “यात गुंडाळा. गाडीत आदळंल.”

“अहो, थंडीत तुम्ही काय पांघरणार?” काकू म्हणाल्या.

“दुसरी हाय की. मेंढरं आमचीच हायती.”

काकूंनी तो स्फटिक परतीच्या वाटेवर मांडीवर घेतला. पुढं सर घोंगडी परत द्यायला गेले तेव्हा म्हाताऱ्यांनी ती घेतली नाही, म्हणून ती प्रयोगशाळेतच एका खुंटीवर राहिली.

स्फटिक मधून कापला त्या दिवशी सर जेवले नाहीत. चकती मात्र सुरेख निघाली. आता प्रश्न असा होता की एका बाजूनं वाढलेल्या भागातली पूड दुसऱ्या भागाला धक्का न लावता काढायची कशानं. आमच्याकडं तसं बारीक हत्यार नव्हतं. सर म्हणाले, “डॉक्टरांकडं जाऊ.”

डॉक्टर म्हणजे गावभागातले दातांचे डॉक्टर, सरांचे शाळासोबती. दवाखान्यात गाल धरून बसलेली माणसं होती. आमची पाळी आल्यावर सर खुर्चीत आडवे झाले, गळ्याला फडकं बांधून घेतलं आणि चकती छातीवर धरली. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला.

“कुठली दाढ?”

“ही टोपीकडची. पेन्सिलीनं खूण केलीय तिथंच. नवीन टोक लाव, वापरलेलं नको.”

“माणसांना नवीन लावायचं म्हटलं तर एवढा आग्रह कुणी धरत नाही,” डॉक्टर म्हणाले आणि ड्रिल सुरू केलं. मी खाली कागद धरून पांढरी पूड झेलत होते. दारातून डोकावणाऱ्या एका आजींनी विचारलं, “काय ओ, दात बाहेर काढून भरत्यात काय आता?” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, “ज्यांना भीती वाटते त्यांचा तसा भरतो.” आजी आनंदानं घरच्यांना सांगायला गेल्या असणार, कारण पुढं महिनाभर डॉक्टरांना त्याबद्दल विचारणा होत होती.

दोन्ही भागांची पूड वेगवेगळ्या कुप्यांत भरून मुंबईच्या एका प्रयोगशाळेत गेली. आकडे आले तेव्हा सरांनी ते मला आधी वाचायला दिले आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

“जुळत नाहीत,” मी म्हटलं. “टोपीकडच्या भागात बरंच जास्त आहे.”

सर वळले नाहीत. “परत एकदा वाच,” एवढंच म्हणाले.

तोंडी परीक्षा सरांच्या प्रयोगशाळेतच होती. बाहेरून आलेले परीक्षक पुण्याकडचे होते, नावाजलेले आणि कडक. त्यांनी माझा लघुप्रबंध चाळला, आकड्यांच्या पानावर बोट ठेवलं आणि चष्मा काढला.

“नमुना एक. आकडे दोन.”

“दोन वेगळ्या बाजूंनी वाढलेले भाग आहेत, सर,” मी म्हटलं. “ऑजाइट या खनिजात बाजूंमुळं डमरूसारखी आकृती दिसते, तसंच.”

“ऑजाइट वितळलेल्या खडकातून घाईनं वाढतो. हा कोमट पाण्यातून सावकाश वाढलेला कॅल्साइट आहे. त्याला समतोल साधायला भरपूर वेळ होता.” मग ते सरांकडं वळले. “तुमच्याकडं हे पूर्वीही झालं होतं ना? भांड्यांचं?”

विभागातल्या कुणीतरी खुर्ची सरकवली. मला वाटलं, सर आता तरी चिडतील.

सर उठले, खुंटीवरची घोंगडी काढली आणि म्हणाले, “दोन मिनिटं माझ्याबरोबर याच्या आत येता?”

परीक्षकांनी आमच्याकडं पाहिलं. आम्ही कुणीच मदत केली नाही. सरांनी टेबलावर चकती ठेवली, बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडून आणलेला नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला आणि सगळ्यावर घोंगडी पसरली. मग वाकून स्वतः आत शिरले. घोंगडीची कड वर धरून आतूनच म्हणाले, “या. बाहेरचा उजेड येतोय.”

पुण्याचे परीक्षक वाकले आणि आत गेले. बाहेर आम्हाला दोन वाकलेल्या पाठी, एक लांबलेली वायर आणि काळी लोकर दिसत होती. आतून बोलणं ऐकू येत होतं.

“लोकर टोचते.”

“हो. आता बघा, मध्ये.”

वायर आणखी थोडी आत ओढली गेली.

“दोन भाग उजळलेत,” परीक्षकांचा आवाज आला. “नारिंगीसारखे. बाकीचे काळे. आणि मधली रेघ सरळ आहे.”

“कडा जिथं जुळतात तिथूनच रेघ आत गेलीय. हा उजेड कुणामुळं पडतो ते मी छातीठोक सांगत नाही. मँगनीजही असेल. पण पाहुणे सगळ्या बाजूंनी सारखे आत आलेले नाहीत, एवढं मान्य?”

परीक्षक बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत लोकरीचे धागे होते. ते त्यांनी काढले नाहीत. “दिसतं खरं,” ते म्हणाले. “पण दिसणं म्हणजे मोजणं नव्हे.”

सरांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्याशी या विषयावर नीट भांडलं नव्हतं, हे मला फार नंतर उमगलं. “बरोबर,” ते म्हणाले. “मग तुम्ही मोजा. कुठं कोरायचं ते तुम्ही ठरवा, भांडी तुमची, कुप्या तुमच्या. आमचा हात लागायला नको.”

त्याच दुपारी दोघं रिक्षातून दातांच्या दवाखान्यात गेले. परीक्षकांनी स्वतः पेन्सिलीनं जागा आखल्या, स्वतः पूड झेलली आणि कुप्या आपल्या बॅगेत टाकून पुण्याला नेल्या. जाताना मला म्हणाले, “आकडे येईपर्यंत तुमचा निकाल राखून ठेवावा लागेल. नाइलाज आहे.”

वर्गातल्या सगळ्यांचे निकाल लागले, माझा नाही. तासगावात ही बातमी माझ्याआधी पोचली. राखून ठेवलाय म्हणजे नापास झाली, कॉपी केली, नाहीतर आणखी काहीतरी. कवठेमहांकाळकडून माणूस येऊन चौकशी करून गेला. चुलते आप्पांना म्हणाले, “आता कशाची वाट बघायची?”

आप्पा दुसऱ्या दिवशी मला घेऊन सांगलीला आले. पाटी वाचून त्यांनी दार अगदी हळू लावलं आणि चपला बाहेर काढून आत गेले. सरांनी त्यांना स्टूल दिलं. आप्पा बसले नाहीत.

“सर, मला दगडातलं कळत न्हाई. निकाल लागंल का न्हाई, कवा लागंल, त्ये बी तुमी सांगू नका. तुमच्या हातात न्हाई त्ये. पर लोक म्हंत्यात पोरीनं आकडं बनवलं. ती खरं बोलतीया का न्हाई, एवढंच सांगा.”

मला वाटलं होतं, सर नेहमीचा प्रश्न विचारतील. त्यांनी विचारला नाही.

“ती खरं बोलते,” ते म्हणाले. “आकडे वेगळे आले तरी ती खरंच बोलत असेल. मी तिच्या शेजारी उभा होतो.”

आप्पांनी मान हलवली. “मग थांबतो आमी.”

घरी गेल्यावर त्यांनी चुलत्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण कवठेमहांकाळला निरोप गेला की दुसरी मुलगी बघा. आणि त्या सबंध पावसाळ्यात आमच्या घरात माझ्या निकालाबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. मी आईबरोबर बेदाणा निवडत बसायची. संध्याकाळी आप्पा बागेतून आले की माझ्याकडं एकदा बघायचे आणि हातपाय धुवायला जायचे.

फोन आला तो प्राचार्यांच्या खोलीत. त्या दिवशी मी काही कागद न्यायला कॉलेजात गेले होते, म्हणून तिथं होते. सरांनी रिसीव्हर कानाला लावला, बराच वेळ ऐकलं, मधे फक्त “हं” म्हणत राहिले. शेवटी म्हणाले, “हो हो, अवश्य या. विहिरी दाखवतो. जुने बूट घालून या.” आणि फोन ठेवला.

“काय म्हणाले?” प्राचार्यांनी विचारलं.

“टोपीकडं जास्तच आहे. त्यांच्या भांड्यांतही.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तुझा निकाल आज लावतायत. आप्पांना कळव.” आणि घड्याळ बघून पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक घ्यायला निघून गेले. प्राचार्य त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिले.

पुढं मी मुंबईला गेले, संशोधन केलं, आता शिकवते. ते सगळं त्या फोननंतरचं. पण सर आठवतात तेव्हा मला त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ आठवते. मी आणि आप्पा पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. सर परसात काहीतरी करत होते. काकूंनी आप्पांना चहा दिला, पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसल्या.

“तुला एक सांगू?” त्या मला म्हणाल्या. “तो पहिला लेख परत आला होता ना, तेव्हा संपादकांनी यांना सुचवलं होतं, ‘भांडी अस्वच्छ असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ एवढं एक वाक्य घाला, लेख छापतो. यांनी घातलं नाही. मी म्हटलं, घाला की, एका वाक्यानं काय होतंय. बढती अडलीय, लोक हसतायत. तर म्हणाले, खोटं कसं लिहू.”

“मग बरोबरच होतं त्यांचं,” मी म्हटलं.

“अगं, कॉलेजात भांडी फुटायची म्हणून ती सगळी भांडी इथं घरी आणली होती. आधी आम्लात, मग उकळत्या पाण्यात, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये. आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. लग्नापायी माझं सायन्सचं शिक्षण अर्धवट सुटलं होतं, त्यामुळं मी ते हौसेनं करायची. एकेक नळी उजेडात धरून बघायची.” काकूंनी पेढा दुसऱ्या हातात घेतला. “ती भांडी मी धुतली होती.”

आप्पांनी बशी खाली ठेवली. काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि खिडकीकडं बघत सावकाश खाल्ला.

तेवढ्यात सर परसातून आत आले. हातात चकती कापून उरलेला आमच्या स्फटिकाचा तुकडा, डोळ्याला भिंग, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा खूश.

“बरं झालं आलीस. अगं, आपलं थोडं चुकलंच होतं. आपण बाजू बाजू करत बसलो. पण एका बाजूवरही सगळीकडं सारखं नाहीय. बघ, या टोपीच्या एकाच बाजूवर बारीक उंचवटा आहे. उंचवट्याच्या इकडच्या उतारावरच्या पायऱ्या वेगळ्या, तिकडच्या वेगळ्या. मग पाहुणेही वेगळे असणार. पुन्हा कोरायला लागेल, याहून बारीक. पुन्हा मोजायला लागेल.”

“सर, तुमी पुढल्या वर्साला रिटायर हुताय न्हवं?” आप्पांनी विचारलं.

“होतोय की. तेव्हा वेळच वेळ,” सर म्हणाले आणि तो तुकडा आप्पांच्या हातात देऊन त्यांनाही तो उंचवटा दाखवायला लागले.

काकू उठल्या. त्यांनी पदर खोचला, फळीवरून घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं काढलं, काठोकाठ पाणी भरून गॅसवर चढवलं आणि आतूनच विचारलं, “नळ्या किती आहेत?”